उन्हाला लावायचा चुना

जतला कुणी सुट्टीला जात नाही. आमच्या कोरेगावातल्या शेजारच्या काकूंना सांगितलं, तर त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मे महिन्यात? जतला? अगं, तिकडची माणसं उन्हाळ्यात इकडं पळून येतात!" खरं आहे त्यांचं. तिथे पाहायला ना घाट, ना धबधबा. पाणी टँकरने येतं, सावली शोधावी लागते आणि दुपारचं ऊन असं, की कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायच्या आधी विचार करतं. पण माझा भाऊ यासीन तिथे गाद्या भरायचा धंदा करतो, म्हणजे माझं माहेर आता तिथेच. आणि माझ्या नऊ वर्षांच्या सानूला तर जगात दुसरीकडे कुठेही जायचं नव्हतं.

कारण कोकरं. यासीनच्या घराला लागून मायव्वा नावाच्या धनगरणीचा मेंढवाडा आहे. दर सुट्टीत सानू खिडकीच्या गजाला गाल लावून ती कोकरं पाहत बसते. बाहेर जायचं नाही. तिला जन्मापासून इसब आहे आणि वर ऊन बाधतं. थोडा वेळ उन्हात गेली की गाल, मान, हात लालभडक होतात, मग खाजवून खाजवून रक्त. भावाची मुलं बाहेर हुंदडतात आणि ही आत. गेल्या वर्षी निघताना तिने मला विचारलं, "अम्मी, एक कोकरू आत आणता येईल का गं?" मी तिथल्या तिथे कबूल केलं, पुढच्या सुट्टीत तुला उन्हात लावायचं क्रीम आणीन आणि तू बाहेर खेळशील. किती सोपं वाटलं होतं मला! दुकानात जायचं आणि ट्यूब घेऊन यायचं.

आम्ही घरात दखनी बोलतो आणि दारात मराठी. इथे सगळं दारातल्याच भाषेत लिहिते.

सातारा

प्रवास खरा सुरू झाला तो साताऱ्याच्या औषधाच्या दुकानात. सानू माझ्यासोबत होती. "लहान मुलीसाठी सनस्क्रीन द्या," मी म्हणाले, "कातडी फार नाजूक आहे तिची."

दुकानदाराने सानूकडे नीट पाहून घेतलं. माझी लेक माझ्यासारखीच सावळी आहे. "गोरं व्हायचंय, का काळं पडायचं न्हाई?"

"काय?"

"न्हाई, दोन्हीची येगळी येगळी येतात."

"तिला रक्त येऊ द्यायचं नाहीये," मी म्हणाले. "त्याचं कुठलं येतं?"

त्याने एक खोकं पुढे सरकवलं. खोक्यावर एक दुधासारखी बाई उन्हात हसत उभी होती. घरी येऊन लावलं, तर अख्खं घर गुलाबाच्या वासाने भरलं आणि सानूच्या हातावर पुरळ उठलं. मग दुसरी ट्यूब. तिच्यावर छत्री घेतलेला हत्ती होता, म्हणजे मुलांचीच असणार असं मला वाटलं. ती लावल्यावर पोरीच्या डोळ्यांतून पाणी थांबेना. "झोंबतंय अम्मी." मी म्हणाले, "पहिल्यांदा झोंबतं. जरा सोस." तिने सोसलं. माझी लेक फार सोशिक आहे, आणि मला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं.

तिसरीने काही झालं नाही, पण उन्हापासूनही काही वाचवलं नाही. तोवर सगळ्या आळीला बातमी लागली होती. कुणी खोबरेल सांगितलं, कुणी कोरफड, कुणी मुलतानी माती. मोबाईलवर पाहावं तर तिथे बायका काचेसारखे गाल घेऊन बसलेल्या. एकीच्याही मांडीवर खाजवणारं मूल नाही. माझे मिस्टर, इक्बाल, बाजारात घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या जिभेला कुलूप असं नाहीच. कपाटातला ट्यूबांचा ढीग पाहून म्हणाले, "मी घड्याळं बंद करतो. आपण हेच दुकान टाकू." मी हसले नाही. मी खरंच टेकीला आले होते. दिवस सरत होते, सानू भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज बोट ठेवायची आणि माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं.

शेवटी ठरलं, की जतला जाताना वाटेत सांगलीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं.

सांगली

सांगलीला लोक गणपतीचं देऊळ पाहतात, कृष्णेचा घाट पाहतात, भडंग बांधून घेतात. आम्ही एक कोपर पाहिलं.

त्याचं असं झालं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पिशवीतल्या सगळ्या ट्यूबा टेबलावर उलट्या मांडल्या आणि मागची बारीक अक्षरं वाचली. "समोरची चित्रं पाहून घेतलीत वाटतं," त्या म्हणाल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्यांनी वेगळी ट्यूब लिहून दिली. जस्त घातलेली, वास नसलेली. आणि सानूलाच समोर बसवून सांगितलं. आधी लांब बाह्या आणि टोपी, क्रीम त्याच्या नंतर. भर दुपारी सावलीतच. बाहेर पडायच्या जरा आधी लावायचं. कानामागे आणि मानेवर विसरायचं नाही. डोळ्यांच्या जवळ न्यायचं नाही. घाम आला की परत लावायचं. सानूने ते पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. बाई खूश झाल्या. "पण लगेच तोंडाला नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि उद्यापर्यंत पाहा."

"आणि आणखी एक. हे पांढरं दिसतं. सावळ्या रंगावर जरा जास्तच."

"दिसू दे," मी म्हणाले. मला त्या दिवशी त्यांनी निळं दिलं असतं तरी चाललं असतं.

तर आम्ही लॉजवर राहिलो. संध्याकाळी घाटावर जाऊन बसलो. नदी खाली गेलेली, पायऱ्या दिवसभराच्या उन्हाने अजून गरम, हळदीच्या पेठेचा वास कपड्यांत शिरलेला. भडंग इतकं तिखट, की इक्बालच्या कानशिलावरून घाम गळत होता. पण खाता खाता आमचं लक्ष एकाच ठिकाणी. मधेच मी सानूची बाही वर करायची आणि तिघांची डोकी त्या कोपरावर एकत्र यायची. शेजारी बसलेले एक आजोबा बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांना राहवेना. "काय इंचू चावला का पोरीला?"

"नाही हो बाबा," इक्बाल म्हणाले, "काही झालं नाही, म्हणून बघतोय."

आजोबांनी आमच्याकडे असं पाहिलं, की मला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी मी हसले असेन. दुसऱ्या दिवशी कोपर स्वच्छ होतं. ना पुरळ, ना लाली. मी लॉजच्या खोलीत शुक्रान्याची नमाज पढले. एका कोपरासाठी.

मग निघताना पहिल्यांदा तोंडाला लावलं. बाई खरं बोलल्या होत्या. सानू पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायला लागली. इक्बाल गाडीत बसता बसता ओरडले, "अरे, हिला तर चुना लावला! आणि आपल्याला डॉक्टरीणबाईंनी!" सानू खिदळली. मीही. तेव्हापासून त्या ट्यूबचं नाव चुना पडलं. चुना कुठाय, चुना घेतला का, चुना लाव. मीच जास्त म्हणायला लागले. इतक्या दिवसांच्या कंटाळ्यानंतर घरात एक गमतीचा शब्द आला होता, त्याचं मला बरं वाटत होतं. ट्यूब गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवली, हाताशी असावी म्हणून.

जत

कवठेमहांकाळ मागे पडलं की झाडं हळूहळू माणसांची संगत सोडतात. नुसती बाभळ उरते. माती फिकट होते, आभाळ मोठं होतं. ज्याला हिरवं पाहायची सवय आहे त्याला आधी रडू येतं आणि मग तेच आवडायला लागतं. निदान मला आवडतं. गावात शिरताना टँकर आमच्या पुढे होता आणि त्याच्या मागे घागरी घेऊन बायका पळत होत्या.

इथे पाण्याची रीत वेगळी आहे. कोरेगावात आम्ही नळ सोडून दात घासतो, आणि इथे माझी वहिनी नसीम चहाचे कप विसळलेलं पाणीसुद्धा लिंबाच्या झाडाला घालते. आम्ही पोचलो तेव्हा यासीनने दमून येऊन पायावर एक तांब्या जास्तीचा ओतला, म्हणून तिने पाहुण्यांसमोर त्याला झाडला. "परवाचा टँकर तेरवा आला तर काय तुमचे पाय प्यायचे?" मग ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कवडीचं घट्ट दही. दही मायव्वाने पाठवलं होतं. असं दही आमच्याकडे मिळत नाही, मी बोटाने भांडं पुसून खाल्लं.

यासीन त्या दिवशी गच्चीला चुना मारत होता. आता जतमध्ये पुष्कळ जण मारतात. स्लॅब तापत नाही, खाली खोली गार राहते. पिंपात कालवलेला चुना आणि हातात कुंचा. सानू टोपी घालून जिन्यावर उभी.

"मामू, हे कशाला?"

"ऊन पांढऱ्याला भेतं, बाळा. चुना मारला की आलं तसं माघारी जातंय."

"मलापण अम्मी चुना लावते!"

"व्हय की! तू आन् माझी गच्ची, दोघी सारख्याच."

आम्ही सगळे हसलो. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर सानू पहिल्यांदा मेंढवाड्यात गेली. पांढरं तोंड, लांब बाह्या. मायव्वा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आगं बया, पोरीला पिठात लोळवलीस का काय?" मी सांगितलं, ऊन बाधतं तिला. मायव्वा उन्हाला कानडीत बिसिलु म्हणते. "ह्या बिसिलाला आमी बी कातावलोय," ती म्हणाली आणि तिने एक काळं कोकरू सानूच्या हातात दिलं. माझ्या लेकीचं तोंड मी काय सांगू! पण मला धीर कुठला? थोड्या वेळात मी हाक मारली, आत ये. मग पाणी पिऊन जा, मग हाक, हात दाखव. परत हाक. ती प्रत्येक वेळी येत होती आणि प्रत्येक वेळी कोकरू खाली ठेवून यावं लागत होतं. शेवटी काळोख पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीम आणि मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होतो. यासीनने सगळ्या आळीला जेवायला बोलावलं होतं. परात पिठाने भरलेली, हात बरबटलेले, धूर डोळ्यांत. सानू दारात येऊन उभी राहिली. "जाऊ?"

"चुना लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही," मी मागे न पाहता म्हणाले. "गाडीत आहे. अब्बांकडून किल्ली घे."

बऱ्याच वेळाने मला आठवण झाली. उठून खिडकीतून डोकावले. ऊन चांगलं वर आलं होतं. मेंढवाड्यात पोरांचा गलका आणि मधोमध सानूचं पांढरं तोंड, कालच्यापेक्षाही पांढरं. टोपी घातलेली, मांडीवर काळं कोकरू. मी मनात म्हटलं, शाबास, भरपूर लावलंय. हाक ओठांवर आली होती, ती मी गिळली. परत येऊन बसले आणि नसीमला म्हणाले, "आज पहिल्यांदा मला तिची काळजी वाटत नाहीये गं." नसीम म्हणाली, "बरं झालं बाई," आणि आम्ही पुढच्या भाकरीला लागलो.

जेवणाच्या सुमाराला ती आपणहून आत आली. रडत नव्हती. मान ताठ धरून चालत होती. "अम्मी, आज लय झोंबतंय."

मी तिच्या गालाला हात लावला. बोटाला क्रीम लागलं नाही. पोपडा निघाला, भिंतीचा निघतो तसा. खाली मांस दिसावं असं लाल.

"सानू, काय लावलंस?"

"चुना."

"गाडीतला?"

"गाडीतला फाटला होता. दुधासारखा. नुसतं पाणी आलं." काचा लावलेली गाडी, जतचं ऊन. पुढच्या कप्प्यात ट्यूब शिजून गेली होती. "तुला सांगितलं असतं तर तू आत बसवलं असतंस. मग मामूचा लावला. पिंपातला."

"आणि झोंबत होतं तर आलीस का नाहीस?"

"तूच म्हणतेस ना, पहिल्यांदा झोंबतं. सोसायचं."

या अल्ला. मी किंचाळले असेन, कारण सगळी आळी अंगणात जमा झाली. यासीन ओरडत होता, "पानी घालू नगा, चुना पान्यानं उकळतोय!" कुणी तूप घेऊन आलं, कुणी खोबरेल. मी तिचे दोन्ही हात धरून नुसती उभी. इक्बालनी सांगलीला फोन लावला होता. डॉक्टरीणबाईंचा आवाज फोनमधून सगळ्यांना ऐकू आला, "कालवलेला चुना आहे ना? मग पाणी. फक्त पाणी, वाहतं. तूप, तेल काही नको. मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. मी नसीमकडे पाहिलं. जिने आदल्या दिवशी नवऱ्याला एका तांब्यासाठी झाडलं होतं, तिने पिण्याच्या पाण्याच्या पिंपावरचं झाकण भिरकावून दिलं आणि कळशीच्या कळशी सानूच्या डोक्यावरून ओतायला लागली. पिंप संपलं. मग रांजण. मग मायव्वा डोक्यावर घागर घेऊन आली, ओतून गेली, परत आली. तिच्या मेंढरांच्या वाटणीचं पाणी होतं ते. सानू थरथरत उभी होती. पांढरं पाणी अंगणातून वाहत मेंढवाड्यापर्यंत गेलं. इतकं पाणी त्या अंगणाने पावसाळ्यातही पाहिलं नसेल. पोरीने हूं की चूं केलं नाही. मी मात्र मोठमोठ्याने रडत होते, मला लाज वाटत नव्हती.

परत

सांगलीला बाईंनी तिला बराच वेळ तपासलं. दोन्ही गाल, मनगटाच्या वर बाही सरकलेली तेवढा भाग, मान, आणि कानांची मागची बाजू. सगळीकडे भाजलं होतं, काही ठिकाणी फोड. "डोळे वाचले," त्या म्हणाल्या. "चुना डोळ्यात गेला असता तर फार वाईट झालं असतं. डोळ्यांभोवती सगळीकडे जागा सोडून लावलाय. कुणी सांगितलं होतं हिला?"

"तुम्हीच," सानू म्हणाली. "कानामागे विसरायचं नाही आणि डोळ्यांजवळ न्यायचं नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता भरून येईपर्यंत कुठलंच क्रीम नाही, जस्ताचंसुद्धा नाही. आणि ऊन तर अजिबात नाही, कितीतरी महिने. फिकट डाग कदाचित राहतील.

कोरेगावात येऊन आता बरेच दिवस झाले. पोपडे गेले. गालांवर दोन्हीकडे पांढुरके चट्टे उरले आहेत. परवा एक ओळखीची बाई म्हणाली, "सानू उजळली हं सुट्टीत!" मी तिच्या तोंडावर दार लावलं. वाईट वाटत नाही मला त्याचं. अजूनही आयांचे फोन येतात, तुम्ही एवढं शोधलंत, मुलांसाठी कुठली ट्यूब घेऊ सांगा ना. मी डॉक्टरकडे जा म्हणते आणि फोन ठेवते. मला खरंच सांगता येत नाही. मी बारीक अक्षरं वाचली, वास पाहिला, कोपर पाहिलं, सगळं बरोबर निवडलं. आणि एक शब्द चुकीचा दिला. इक्बालनी त्यानंतर एकही विनोद केलेला नाही. घरात इतकं शांत असतं, की दुरुस्तीसाठी घरी आणलेली सगळी घड्याळं ऐकू येतात. आणि त्या शांततेत मला सारखी ती परतीची गाडी आठवते.

सांगलीहून निघालो तेव्हा ऊन अजून होतं. सानूच्या बाजूच्या काचेवर मी माझी ओढणी बांधली होती. तोंडाला पट्ट्या लावलेली माझी लेक ओढणीच्या लाल उजेडात बसली होती. मला वाटलं झोपली. मी हळूच म्हणाले, "माफ कर गं बाळा."

"कशाबद्दल?" तिला खरंच कळलं नाही. पट्टी ओढली जाऊ नये म्हणून ती ओठ न हलवता बोलत होती. "अम्मी, काळं कोकरू माझ्या मांडीवर झोपलं माहितीये? पूर्ण झोपलं. काल मला सारखं खाली ठेवावं लागत होतं." मग जरा थांबून म्हणाली, "आज तू मला एकदाही आत ये म्हणाली नाहीस."